ऊसतोडणी यंत्राचा ऑइल कूलर: फिन किती दाट, चॅनेल किती अरुंद?

प्रश्न कुपवाड एमआयडीसीतल्या एका तरुण अभियंत्याचा आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. त्यांच्या शेडमध्ये ऊसतोडणी यंत्रासाठी अॅल्युमिनियमचा बार-अँड-प्लेट ऑइल कूलर बनवला. कोअर (कूलरचा जाळीदार गाभा) ६०० बाय ६०० मिमी, खोली ६० मिमी. हवेच्या बाजूला ९ मिमी उंचीच्या लूव्हर फिन (उष्णता हवेत सोडणारे पातळ, चिरे पाडलेले पत्रे), इंचाला १८. तेलाचे चॅनेल ३ मिमीचे, आत टर्ब्युलेटर, म्हणजे तेलाच्या वाटेत बसवलेला घड्यांचा पत्रा. तेल व्हीजी ४६ (ही तेलाच्या चिकटतेची श्रेणी), मिनिटाला १२० लिटर, काढायची उष्णता ३० किलोवॅट. टेस्ट बेंचवर कूलर पास झाला. डिसेंबरात आष्ट्याच्या बाजूच्या फडातही नीट चालला. मार्चमध्ये मात्र दोन-अडीच तासांत तेलाच्या तापमानाचा दिवा लागायला लागला. आता सॉफ्टवेअरने नवा 'इष्टतम' आराखडा दिला आहे: फिन इंचाला २० आणि तेलाचा चॅनेल २ मिमी. तसं करावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

करू नका. तुमचं गणित चुकलेलं नाही. सॉफ्टवेअरने सोडवलेला प्रश्न तुमचा नाही, एवढंच. त्याने स्वच्छ कूलर धरला. तुमचा कूलर स्वच्छ असतो सकाळी पहिला अर्धा तास.

मी सातारा-सांगली पट्ट्यात सव्वीस वर्षं कूलर आणि रेडिएटरच्या जाळ्या बनवतो आहे. 'आणखी दाट करा' हा सल्ला सॉफ्टवेअर नेहमी देतं, आणि त्यामागचं कारण पक्कं आहे. ते समजून घेतल्याशिवाय तो नाकारूही नये, म्हणून आधी तेच सांगतो.

फिनमधल्या फटींतून हवा बहुतेक वेळा संथ, थरांच्या प्रवाहाने वाहते. असा प्रवाह पूर्ण स्थिरावला की नुसेल्ट अंक (भिंत आणि प्रवाह यांच्यात उष्णता किती जोमाने जाते त्याचं माप) बदलत नाही. दोन समांतर पत्र्यांमध्ये, भिंतीचं तापमान सगळीकडे सारखं असेल तर, तो ७.५४ असतो. म्हणजे फट निम्मी केली की उष्णता-संक्रमणाचा गुणांक दुप्पट होतो. तेवढ्याच आकारमानात क्षेत्रही दुप्पट मिळतं. दोन्ही मिळून चौपट, म्हणजे खोली एक चतुर्थांश पुरते. दाबाचं काय? वेग तोच ठेवला तर निम्म्या फटीत दर मिलिमीटरला चौपट दाब लागतो, पण लांबी एक चतुर्थांश झालेली असते. एकूण दाब जिथल्या तिथे. उष्णता तीच, पंख्यावरचा भार तोच, आणि कूलर पावपट. सॉफ्टवेअरला यात तोटा दिसतच नाही, म्हणून ते तुम्ही घातलेल्या मर्यादेला जाऊन टेकतं. फिनची मर्यादा २० टाकली होती ना? म्हणूनच उत्तर २० आलं. २४ टाकली असती तर बहुधा २४ आलं असतं. उत्तर नेहमी मर्यादेलाच चिकटून येत असेल, तर खरा आराखडा ती मर्यादा ठरवणाऱ्याने केलेला असतो. ती मर्यादा कुठून आणायची, इथे सगळं अडतं.

ती फडातून आणायची. तोडणी यंत्राभोवती काय उडतं ते उभं राहून बघितलं असेलच: पाचटाचे तुकडे, वाढ्यांचा चुरा, पाल्यावरची बारीक कुसळं, आणि मार्चमध्ये कोरड्या काळ्या मातीची धूळ. डिसेंबरात सकाळी दव असतं, पाला ओलसर असतो, उडतं कमी. मार्चमध्ये पाला कडकडीत वाळलेला. म्हणून तुमचा कूलर डिसेंबरात पास झाला. हवा थंड होती हे अर्धंच कारण.

इंचाला १८ फिन म्हणजे दोन फिनमध्ये १.४ मिमी. त्यात लूव्हर, म्हणजे पत्र्याला चिरे पाडून तिरपे उघडलेले पंख. लूव्हरचं काम हवेचा थर पुन्हापुन्हा तोडायचं, आणि ते काम तो फार चांगलं करतो. पण त्याची प्रत्येक कड कुसळ अडकायची जागा असते. एक कुसळ अडकलं की त्यावर धूळ बसते. कुठे फिटिंगमधून तेल झिरपत असेल तर तिचा लेप होतो. मग पाचटाचा तुकडा चिकटायला जागा तयार. मोटारीच्या रेडिएटरला लूव्हर उत्तम, कारण हमरस्त्यावर कुसळं नसतात.

आता आकड्यांत बघू. तुमच्या कोअरसमोर हवेचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला तर १.८ घनमीटर हवा जाते, म्हणजे अंशामागे सुमारे २ किलोवॅट वाहून नेणारी. तेल अंशामागे ३.४ किलोवॅट नेतं. बाहेर ३८ अंश आणि आत येणारं तेल ७५ अंश असताना ३० किलोवॅट काढायला परिणामकारकता (जास्तीत जास्त निघू शकणाऱ्या उष्णतेपैकी प्रत्यक्ष निघणारा भाग) ०.४० लागते. क्रॉसफ्लोमध्ये (हवा आणि तेल एकमेकांना आडवे वाहतात तेव्हा) त्यासाठी यूए, म्हणजे एकूण गुणांक गुणिले क्षेत्र, सव्वा किलोवॅट प्रति अंश पुरतो, आणि तो तुमच्याकडे स्वच्छ अवस्थेत आहे. पण तोंडावर पाचट बसून हवा एक तृतीयांशाने घटली की हवेची क्षमता १.३३ वर येते, यूए ०.९५ च्या आसपास उतरतो, आणि त्याच तापमानफरकाला जेमतेम २३ किलोवॅट निघतात. यंत्र तर ३० देतच राहतं. मग तेल स्वतः तापून फरक वाढवतं आणि ८७ अंशांच्या आसपास जाऊन थांबतं. तुमचा दिवा बहुधा याच सुमाराला लागत असणार. ८० च्या वर सीलचं आणि तेलाचं आयुष्य झपाट्याने घटतं, तेव्हा दिवा लागतो आहे हे बरंच आहे.

थोडक्यात, इष्टतम काढायचंच तर चौथ्या तासाचं काढा. सॉफ्टवेअरला तीन अवस्था एकत्र द्या: ३८ अंशांत ६५ टक्केच मोकळं तोंड, ३८ अंशांत स्वच्छ, आणि १५ अंशांची थंड सुरुवात. पहिल्या अवस्थेतलं तेलाचं तापमान कमीत कमी करा, तिसऱ्या अवस्थेतल्या दाबावर मर्यादा घाला. शिवाय मोकळं तोंड किती उरतं हे फिनच्या अंतराशी जोडा. ते कोणत्याही पुस्तकी सूत्रातून येणार नाही. वेगवेगळ्या अंतराचे चार लहान नमुने एकाच यंत्रावर शेजारी शेजारी लावून एक दिवस चालवा, संध्याकाळी फोटो काढा. हा एक दिवस महिनाभराच्या सिम्युलेशनपेक्षा जास्त सांगतो.

माझ्या अनुभवात उसाच्या कामाला इंचाला ८ फिन, म्हणजे ३.२ मिमी अंतर, आणि नागमोडी किंवा सरळ फिन. लूव्हर नाही, हवेच्या बाजूला ऑफसेट (तुकड्यातुकड्याने आडव्या सरकवलेल्या) फिनही नाही. सरळ वाटेने शिरलेलं कुसळ मागून निघून जातं.

तुम्ही म्हणाल, मग उष्णता कशी निघणार? रास्त आहे. तुमच्या आत्ताच्या कोअरमध्ये हवेच्या बाजूला साधारण २५ चौरस मीटर क्षेत्र आहे. लूव्हर काढल्यावर गुणांक जवळजवळ निम्म्यावर येईल आणि अंतर वाढल्याने क्षेत्रही घटेल. ही भरपाई खोलीने आणि तोंडाने करायची. कोअर ७०० बाय ७५० करा, खोली १००. हवेच्या बाजूचं क्षेत्र ३० चौरस मीटरच्या आसपास येतं. गुणांक निम्मा धरला तरी खरी कमाई दुसरीकडे आहे: तेलाच्या बाजूचं क्षेत्र जवळजवळ अडीचपट होतं. तुमच्या मूळ आराखड्यात उष्णतेच्या वाटेतला जवळपास निम्मा विरोध तेलाच्या बाजूला होता, तो मोठ्या प्रमाणात उतरतो. एकूण यूए स्वच्छ अवस्थेत जवळपास आधीएवढाच राहतो. चार तासांनंतर मात्र दोन कूलरमध्ये तुलनाच उरत नाही.

स्टॅनफर्डच्या केज आणि लंडन या जोडीने एकेका फिनचे घर्षणाचे आणि उष्णतेचे आकडे मोजून ठेवले, त्या परंपरेत वायूच्या बाजूला घनमीटरमागे ७०० चौरस मीटरपेक्षा जास्त क्षेत्र असेल तर 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. तुमचा आत्ताचा कोअर ११०० च्या वर आहे. मी सांगतो तो ६०० च्या खाली येईल. व्याख्येतून बाहेर पडला तरी चालेल. यंत्राच्या मागच्या भागात १०० मिमी जागा आहे का एवढंच बघा, आणि बहुतेक यंत्रांत ती असते.

फिनच्या पत्र्याबद्दल. उष्णतेच्या हिशेबाने ०.१५ मिमी भरपूर आहे. ९ मिमी उंचीच्या फिनची कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या वर येते, जाड करून काही मिळत नाही. तरीही मी ०.२ वापरतो, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी वाळवा तालुक्यातल्या एका यंत्रासाठी इंचाला १४ फिनची लूव्हर जाळी दिली होती. ती तुंबते म्हटल्यावर प्रेशर वॉशरने रोज धुवायला मीच सांगितलं. ऑपरेटर मनापासून काम करणारा होता, रोज न चुकता धुवायचा. आठवड्याभरात बोलावणं आलं. जाऊन बघतो तर तोंडावरच्या फिन पाण्याच्या माराने आडव्या झोपलेल्या. पाचटाने जेवढं बंद केलं नव्हतं तेवढं धुण्याने केलं होतं. हंगाम ऐन भरात, यंत्र दोन दिवस उभं, आणि त्या शेतकऱ्याचा ऊस तोडून पडलेला. ते मला अजून टोचतं. चूक धुणाऱ्याची नव्हती. रोज धुतलं जाणार हे माहीत असूनही मी धुणं न सोसणारी जाळी दिली होती. धुण्याचा मार हाही आराखड्यातला भार आहे, तेलाच्या दाबाइतकाच.

आता तेलाची बाजू. ही जास्त वेळ घेईल, कारण २ मिमीचा मोह इथेच आहे.

तेल पाण्यासारखं वागत नाही. त्याची उष्णतावहनक्षमता मीटर-अंशामागे ०.१३ वॅट, पाण्याच्या पाचव्या भागाएवढी. ३ मिमीच्या रिकाम्या चॅनेलमध्ये स्थिरावलेल्या प्रवाहाचा गुणांक जेमतेम १६० भरतो. म्हणून टर्ब्युलेटर हवाच. पण तो नेमकं काय करतो याबद्दल बराच गैरसमज आहे. नाव टर्ब्युलेटर असलं तरी तो खळबळ निर्माण करत नाही. तुमच्या चॅनेलमध्ये रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळीचा हे सांगणारा आकडा) तीस-चाळीसच्या घरात आहे, तिथे खळबळ कुठून येणार? तो थर तोडतो. वेगाचा आलेख ३-४ मिमीत स्थिरावतो, पण तापमानाचा आलेख स्थिरावायला तुमच्या हिशेबात ७०० मिमीपेक्षा जास्त लांबी लागते, कोअरच्या लांबीहून जास्त. म्हणजे तेल आख्ख्या चॅनेलमध्ये तापमानाच्या दृष्टीने 'नवखंच' असतं. भिंतीला चिकटलेलं तेल थंड होतं आणि मधलं गरमच बाहेर पडतं. ऑफसेट टर्ब्युलेटर दर तीन-चार मिलिमीटरला आडवा सरकतो आणि नवी कड तेलात घालतो. प्रत्येक कडेला पातळ थर पुन्हा सुरू. तेलात याला पर्याय नाही. हवेच्या बाजूला जे टाळायला सांगितलं तेच इथे करायचं, कारण गाळलेल्या तेलात कुसळं नसतात.

चॅनेल २ मिमी केला तर गुणांक दीडपट होईल आणि स्वच्छ कूलरचा यूए वीसेक टक्के वाढेल, हे सॉफ्टवेअरचं खरं आहे. पण दोन गोष्टी बघा. पाचट बसलं की विरोध हवेच्या बाजूला सरकतो आणि तेलाच्या बाजूची कमाई आटत जाते. गरज असते तेव्हाच ती हाताशी नसते. दुसरी गोष्ट दाबाची. संथ प्रवाहात दाब फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो, त्यामुळे ३ वरून २ म्हणजे जवळजवळ ३.४ पट. फट कमी केल्याने जास्त चॅनेल बसतील म्हणावं, तर तसंही नाही. तेलाचे ३, हवेचे ९ आणि पत्र्यांचा १ असा तुमचा थर १३ मिमीचा आहे. तो १२ झाल्यावर ६०० मिमीत ४६ ऐवजी ५० बसतात. तुमचा आत्ताचा दाब ७० अंशांच्या तेलाला ६० किलोपास्कल असल्याचं तुम्ही लिहिलं आहे, तो १८५ होईल.

आणि डिसेंबरची सकाळ आठवा. कृष्णाकाठी पहाटे धुकं, तेल १५ अंशांवर. व्हीजी ४६ ची चिकटता ७० अंशांना १५ सेंटिस्टोक असते, १५ अंशांना ती १८० च्या वर जाते. म्हणजे दाब बारापट. पूर्ण प्रवाह सोडला तर १८५ चे २२ बार होतात. तुमच्या ब्रेझिंगने (भट्टीत केलेल्या जोडांनी) ते एकदा सोसलं तरी रोज सकाळी सोसेल का, हे विचारून बघा. बायपास व्हॉल्व्ह (दाब वाढला की तेलाला कूलर टाळून वाट देणारा) कोणत्याही आराखड्यात हवाच, पण त्याच्या भरवशावर चॅनेल अरुंद करणं योग्य नाही.

चिकट तेलाचा आणखी एक स्वभाव माहीत असू द्या. एखाद्या चॅनेलमध्ये तेल थोडं कमी वाहिलं की ते जास्त थंड होतं, त्यामुळे जास्त घट्ट होतं, मग आणखी कमी वाहतं. कोपऱ्यातले चॅनेल असे झोपतात. बाहेरून कूलर थंड लागतो आणि ऑपरेटर खूश होतो, पण तेल मधल्या मोजक्या चॅनेलमधून गरमच परत जात असतं. हे टाळायला चॅनेलइतकंच लक्ष हेडरकडे, म्हणजे सगळ्या चॅनेलना तेल वाटणाऱ्या टाकीकडे, द्यायला हवं. बहुतेक सिम्युलेशनमध्ये एकच चॅनेल घेतलेला असतो आणि बाकीचे ४५ तसेच वागतील असं धरलेलं असतं.

यावर सोपी कसोटी अशी: येणाऱ्या नळीतल्या तेलाचा गतिज दाब (वेगामुळे येणारा दाब) कोअरच्या दाबाच्या दहाव्या भागाखाली ठेवा. २५ मिमीच्या नळीत १२० लिटर म्हणजे सेकंदाला ४ मीटर, गतिज दाब ७ किलोपास्कल. आत्ता कोअरचे ६० आहेत, गुणोत्तर कसोटीच्या किंचित वर जातं, तरी निभतं. पण मी सांगितलेल्या मोठ्या कोअरमध्ये चॅनेल रुंद आणि जास्त होतात, वेग निम्म्याच्या खाली येतो, आणि कोअरचा दाब ३४ वर उतरतो. मग ७ म्हणजे पाचवा भाग झाला. नळीच्या समोरचे चॅनेल तेल ओढतील, टोकाचे उपाशी राहतील. इथे दोन पास करायचा, म्हणजे तेल कोअरमधून दोनदा फिरवायचा, मोह होतो. करू नका, दाब चौपट होईल आणि पहाटेचा प्रश्न परत येईल. नळी ३२ मिमीची करा. गतिज दाब २.६ वर येतो आणि कसोटी सहज पार होते. शंभर-दीडशे रुपयांचा फरक पडतो, आणि चॅनेलच्या आकाराशी महिनाभर झटून जे मिळणार नाही ते मिळतं.

कारागिरीचाही एक मुद्दा आहे. ४६ थर फिक्स्चरमध्ये दाबून भट्टीत ६०० अंशांच्या आसपास जोडले जातात. एका टर्ब्युलेटरची उंची ०.१ मिमीने कमी पडली तर तो पत्र्याला चिकटत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ३ मिमीत ०.१ चा फरक म्हणजे प्रवाहात १० टक्के, २ मिमीत १५ टक्के. अरुंद चॅनेल कागदावर मागाल तेव्हा तुमची प्रेस ती अचूकता देते का, हे आधी तपासा. लीक टेस्टमध्ये नापास झालेला एखादा कोअर बँडसॉवर आडवा कापा आणि प्रत्येक चॅनेल गेजने मोजा. मला तरी ड्रॉइंगवरचा आणि कापलेला चॅनेल सारखा क्वचितच दिसला आहे.

मांडणीचं एकच सांगतो. तुमच्या यंत्रात ऑइल कूलर इंजिनच्या रेडिएटरमागे असेल, तर मागची जाळी पुढच्यापेक्षा दाट कधीच ठेवू नका. पुढून निसटलेलं पाचट दोघांच्या मध्ये अडकतं आणि तिथे हात पोचत नाही. जागा असेल तर दोन्ही शेजारी शेजारी लावा, हवा वरून घ्या, आणि यंत्रमालक तयार असेल तर उलटा फिरणारा पंखा बसवा. मिनिटभर उलटी हवा सोडली की सरळ फिनमधलं बरंचसं पाचट आपोआप गळून पडतं. लूव्हरमधलं पडत नाही.

पुढच्या वेळी फडात जाल तेव्हा लॅपटॉपऐवजी पारदर्शक नळीचा यू-ट्यूब (दाबातला फरक दाखवणारी यू आकाराची नळी) आणि रंगीत पाणी न्या. एक टोक कोअरच्या पुढे, एक मागे. सकाळी स्वच्छ असताना पाण्याच्या पातळीतला फरक २५ मिमीच्या आसपास असायला हवा, तो लिहून ठेवा. मग दर अर्ध्या तासाला फरक लिहा, सोबत तेलाचं येतं-जातं तापमान, आणि तोंडाचे नऊ चौकोन पाडून प्रत्येकात हवेचा वेग. तेलाच्या बाजूला चारही कोपऱ्यांतल्या चॅनेलवर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चिकटवा. कोपरे मधल्यापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड निघाले तर दोष हेडरचा आहे, फिनला हात लावू नका. कोपरे सारखे आणि यू-ट्यूब चढत चाललेला असेल तर दोष पाचटाचा. दोन्ही दिसलं तर नळी आधी बदला, ते एका दुपारचं काम आहे. आकडे पाठवलेत तर नव्या कोअरची खोली १०० ठेवायची की ८५ वर भागेल, हे आपण मिळून ठरवू.